गाठीची तार

१

चोरी उघडकीला आली ती सकाळी साडेनऊला, दुधात बुडवलेलं बिस्किट मुलीच्या तोंडापाशी धरलेलं असताना.

सूरवालीचा हात तिथल्या तिथे थांबला. चिमणीनं उघडलेलं तोंड मिटलं, पुन्हा उघडलं आणि शेवटी वैतागून बिस्किट स्वतःच ओढून घेतलं. तरी आईचं लक्ष नाही. आई बघत होती कपाटावरच्या जुन्या प्लेअरकडे, जणू त्यातून कोणी तिला नावानं हाक मारली होती.

"आई, दुदू!"

"देते गं सोन्या. एकदाच परत ऐकू दे मला."

ती पियानो सुरात लावायची. वडिलांचा धंदा, वडिलांचीच किल्ली, वडिलांचाच ट्यूनिंग फोर्क. शहरात जिथे म्हणून पियानो होता तिथे तिला सूरवाली म्हणत. ही सीडी आदल्या दिवशी संगीत विद्यालयाकडून आली होती, सोबत शनिवारच्या सत्काराचं निमंत्रण. अठरा नॉक्टर्न. दोनशे वर्षांपूर्वीचे छोटे छोटे तुकडे. डावा हात पाण्यासारखा झुळझुळत राहतो आणि उजवा त्यावर एकटाच गातो, सगळे झोपल्यावर कोणी खिडकीत बसून स्वतःशी गुणगुणावं तसा. कव्हरवर हनुवटीखाली हात घेतलेला तरुण. विद्यालयात पन्नास वर्षं पियानो शिकवलेल्या बाईंचा भाचा आणि त्यांचाच शिष्य. गावभर त्याला 'पट्टशिष्य' म्हणत, आधी कौतुकानं आणि मग सवयीनं.

तिसरा तुकडा वाजत होता. त्यातला मधल्या सप्तकातला 'ए' पहिल्यांदा आला तेव्हा नितळ होता. मिनिटभरानं आला तेव्हा त्याच्या कडा जराशा ओल्या झाल्या होत्या. शेवटी आला तेव्हा तो सरळसरळ थरथरत होता.

सूरवालीनं फोर्क गुडघ्यावर आपटून कानाशी धरला. पुन्हा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. मग कमरेवर हात ठेवून स्वयंपाकघरात उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "ही तर माझी गाठ आहे!"

पियानोच्या मधल्या प्रत्येक पट्टीला तीन तारा असतात. दोन वर्षांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी, विद्यालयाच्या सभागृहातल्या पियानोवर त्या 'ए'ची एक तार तुटली. तेवढ्या जाडीची तार जवळ नव्हती, म्हणून तिनं तुकडा जोडून गाठ मारली. अशी गाठ हळूहळू आवळत जाते आणि तार उतरत जाते. दर तुकड्यानंतर ती धावत जाऊन तार पुन्हा चढवायची. चिमणी तेव्हा सहा महिन्यांची, झोळीत पोटाशी बांधलेली. शुक्रवारी सकाळी नवी तार आली. तिनं गाठीची काढली, नेहमीसारखं तिचं वेटोळं केलं आणि नवी बसवली. तुटलेली तार वाजवणाऱ्याची, हा वडिलांचा नियम. अशी किती वेटोळी तिनं आजवर किती जणांच्या हातात ठेवली असतील, गणती नाही.

म्हणजे ती गाठ जगली मंगळवार ते गुरुवार. अवघे तीन दिवस. त्या तीन दिवसांत त्या पियानोला एकाच माणसाची बोटं लागली होती, आणि ती पट्टशिष्याची नव्हती. ती बाईंची होती. बाई त्या आठवड्यात आयुष्यातलं पहिलं आणि एकमेव रेकॉर्डिंग करत होत्या. हेच अठरा नॉक्टर्न.

आणि ते रेकॉर्डिंग नष्ट झालं, असं सगळ्यांना सांगण्यात आलं होतं.

२

बाई खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. डावा हात मांडीवर पडलेला, कोणी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा. रेकॉर्डिंगनंतर दहाव्या दिवशी त्यांना झटका आला होता. पाय परत आले नाहीत, डावा हात परत आला नाही.

मेजाशी त्यांची धाकटी बहीण बसली होती. धाकट्या बाई. पट्टशिष्याची आई. पन्नास वर्षं बाई वाजवत आल्या आणि त्यांतली चाळीस वर्षं या बाजूला बसून पानं उलटत आल्या. आजारपणात बाईंना भरवणं, न्हाऊ घालणं, केस विंचरणं, सगळं यांनीच केलं होतं. आत्ता त्या स्वरलिपीच्या जुन्या वह्यांमधल्या पेन्सिलीच्या खुणा पुसत होत्या. मऊ खोडरबर एकाच दिशेनं, न रगडता, हलक्या हातानं. मग करंगळीच्या कडेनं भुगा झटकायचा. कागदावर मागमूस राहत नव्हता.

"विद्यालयाला द्यायच्यात," त्या म्हणाल्या. "ताईच्या खाणाखुणा नव्या मुलांना काय कळणार?"

"ये गं सूरवाली," बाई म्हणाल्या. "आणि ही कोण? चिमणी? अगंबाई, केवढी मोठी झाली! सीडी ऐकलीस का?"

"ऐकली, बाई."

"मी रोज ऐकते." बाईंचे डोळे चमकले. "खरं सांगू? दोन वर्षं मी या घरात सूर लागू दिला नव्हता. पण हिनं महिन्यापूर्वी हे लावलं, आणि मला वाटलं, गेलं नाही गं काही. माझा हात गेला, पण पोराच्या हातात राहिला. तिसऱ्यात तो शेवटचा वरचा सूर येतो ना, त्याच्याआधी पोरगा थबकतो. जिना उतरण्याआधी म्हाताऱ्या माणसानं कठड्याला हात लावावा ना, तसा. ते मी केलं होतं. कुठे लिहिलेलं नाही, मी त्याला शिकवलंही नाही. त्या मंगळवारी रेकॉर्डिंगलाच पहिल्यांदा सुचलं मला. आणि त्यानं ते आपणहून शोधलं!"

या बाईचं वाजवणं चोरलं ते चोरलंच, वर तिच्याच तोंडून चोराला आशीर्वाद वदवून घेतला! सूरवालीला ओरडावंसं वाटलं. पण त्या चेहऱ्याकडे बघून कोणाची छाती होणार?

"शनिवारी मानपत्र मीच देणार त्याला," बाई सांगत होत्या. "एका हातानं द्यावं लागेल, चालेल ना?"

त्यांनी चष्म्यासाठी चष्म्याचं घर उघडलं. घर खुळखुळलं, त्यात चष्म्याबरोबर आणखी काहीबाही कोंबलेलं होतं. त्यांनी निमंत्रणपत्रिका चौथ्यांदा वाचून दाखवली.

निघताना सूरवाली धाकट्या बाईंना दारात म्हणाली, "त्या सीडीवर तो 'ए' ऐकलात? माझ्या गाठीच्या तारेसारखा वाजतोय."

"वेडी का तू?" धाकट्या बाई हसल्या. "पियानो तोच आहे ना. पोरानं पुढच्याच महिन्यात तिथे जाऊन वाजवलं. आपलं आपणच मित्राच्या यंत्रावर रेकॉर्ड केलं. लाजाळू आहे, दोन वर्षं बोलला नाही कोणाला."

"पण तार मी त्याच शुक्रवारी बदलली. माझ्याकडे लेखी आहे."

"असं?" धाकट्या बाई म्हणाल्या, आणि पदरावरचा खोडरबराचा भुगा करंगळीनं झटकला.

३

रेकॉर्डिंग करणाऱ्या गृहस्थांना सगळे कानसेन म्हणत, कारण जेवतानाही त्यांच्या गळ्यात हेडफोन असायचे. बुधवारी सकाळी सूरवाली चिमणीला कडेवर घेऊन त्यांच्या खोलीत शिरली. खोलीभर वायरी. चिमणीला स्वर्ग सापडला.

"पोरीला आवर बाई, ती लाल वायर नको!"

"तुम्ही आधी मला उत्तर द्या. बाईंचं रेकॉर्डिंग कसं गेलं?"

कानसेन खुर्चीत मागे रेलले. "किती वेळा सांगायचं? हार्ड डिस्क पडली. माझ्या हातून. पन्नास वर्षांची विद्या होती तिच्यात आणि मी ती चहाच्या कपासारखी पाडली. झालं समाधान?"

"एकच प्रत होती?"

"दुसरी बाईंच्या घरी पाठवली होती. कोणता तुकडा कितव्यांदा वाजवलेला घ्यायचा ते त्यांनी निवडायचं होतं. पण त्या ऐकायच्या आत इस्पितळात गेल्या. डिस्क पडल्यावर मी घरी फोन केला. उत्तर आलं, तीही उघडत नाही."

"कोणी दिलं उत्तर?"

"घरातून दिलं. दोन वर्षांपूर्वीचा फोन, आवाज काय आठवणार? कानसेन असलो म्हणून..."

"मग ही सीडी ऐका." तिनं तिसरा तुकडा लावला. पाच सेकंदांत कानसेनांनी मान खाली घातली. तुकडा संपेपर्यंत वर केली नाही.

"तुम्हाला माहीत होतं," सूरवाली म्हणाली.

"संशय होता. डाव्या बाजूचा माइक मी जरा उंच लावतो, दुसरं कोणी लावत नाही. पण मी कोणत्या तोंडानं बोलू? मूळ ठेवा माझ्याच हातून फुटला. मी चोर म्हणायला जाणार आणि लोक म्हणणार, आधी तू काय केलंस ते सांग."

"म्हणून गप्प बसलात! एका बाईचं आयुष्य दुसऱ्याच्या फोटोखाली विकलं जातंय आणि तुम्ही लाज राखत बसलात!"

"ओरडू नकोस. आणि तुझा पुरावा तरी काय? नवी तारही उतरतेच की."

"नवी तार आठवड्यात उतरते. गाठीची चार मिनिटांत. फोर्क लावून बघा, तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी. अठरांपैकी अकरांत असंच आहे. उरलेले सात सोमवारचे असतील, तार तुटण्याआधीचे, किंवा त्यांत तो सूर फारसा नाही."

"मान्य. पण पट्टशिष्य म्हणेल, गाठीची तार पुढच्या महिन्यापर्यंत तशीच होती. तू कधी बदललीस याला साक्ष काय? मी गुरुवारीच सामान गुंडाळून गेलो होतो."

"ते लेखी आहे माझ्याकडे."

"कुठे, तुझ्या त्या कामाच्या नोंदवहीत?" कानसेन खिन्नपणे हसले. "ती वही या तुझ्या कन्यारत्नानं आंघोळीच्या टबात बुडवली ना? तूच रडत सांगितलं होतंस."

सूरवालीनं चिमणीला उचललं आणि ती दाराकडे निघाली. ती वहीबद्दल बोलतच नव्हती.

४

पियानो लावणारे एक गोष्ट करतात, जी वाजवणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. डावीकडच्या अगदी पहिल्या पट्टीच्या लाकडी अंगावर, जे आत लपलेलं असतं, तिथे ते पेन्सिलीनं तारीख आणि केलेलं काम लिहितात. कोपऱ्यातला लाकडी ठोकळा काढायचा, त्याचे स्क्रू सोडवायचे, पट्टी बाहेर ओढायची, तेव्हा ते दिसतं. विद्यालयाच्या पियानोत तिच्या वडिलांच्या अक्षरातल्या वीस ओळी होत्या, आणि त्यांच्याखाली तिच्या.

गुरुवारी दुपारी ती सभागृहात पोचली, तर संचालक आणि पट्टशिष्य शनिवारची तयारी बघत होते. फुलदाण्या कुठे, माइक कुठे. संचालकांना फुलदाण्यांची फार काळजी.

"बरं झालं आलीस," संचालक म्हणाले. "पियानो जरा चकाचक दिसला पाहिजे. फोटो निघणार आहेत."

"पियानो दिसण्यासाठी नसतो, साहेब." तिनं पट्टशिष्याकडे तोंड वळवलं. "तिसरा नॉक्टर्न कोणी वाजवलाय?"

"हा काय प्रश्न झाला?"

"साधा प्रश्न आहे. बोट दाखवण्याइतका साधा."

तिनं सगळं सांगितलं. गाठ, तीन दिवस, अकरा तुकडे. पट्टशिष्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग त्यावर सीडीच्या कव्हरवरचंच हसू आलं. "तार तू शुक्रवारी बदललीस, हे तू म्हणतेस. मी म्हणतो, तू विसरलीस आणि महिन्यानं बदललीस. कडेवर पोर घेऊन काम करत होतीस, माणूस विसरतो."

"लेखी आहे."

"मग दाखव की वही."

त्यावर संचालकांनी आवाज मऊ केला, आणि जे बोलले ते सूरवाली जन्मभर विसरणार नव्हती. "हे बघ, समजा असलं तसं काही, तरी घरातलंच आहे ना? मावशीचं काय नि भाच्याचं काय. त्यांना तर आता वाजवताही येत नाही. खुर्चीतल्या म्हातारीची सीडी कोण ऐकणार? विद्या वाया जाण्यापेक्षा बरंच झालं म्हणायचं."

"बरंच झालं?" सूरवालीचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. चिमणी दचकून खुर्चीखालून बाहेर आली. "ती खुर्चीत बसली म्हणून तिचे हात तुमच्या मालकीचे झाले? पन्नास वर्षं तिनं इथे पोरांची बोटं वळवली. एकदा, फक्त एकदा, स्वतःसाठी वाजवलं. तेही तुम्ही 'घरातलंच' म्हणून वाटून टाकलंत!"

तिनं पिशवीतून पेचकस काढला आणि पियानोशी गुडघे टेकले.

"अगं, हे काय करतेस?" पट्टशिष्य ओरडला. "मोडशील! तिथे काय आहे?"

ठोकळा निघाला. पट्टी बाहेर आली. तिनं ती खिडकीच्या उजेडात धरली.

वडिलांच्या ओळी होत्या. तिच्या स्वतःच्या ओळी होत्या, अगदी गेल्या महिन्याचीसुद्धा. मध्ये एका ओळीची जागा मात्र रिकामी होती. स्वच्छ, कोरी, जणू तिथे कधी काही लिहिलंच नव्हतं.

५

ती सभागृहाच्या पायरीवर बसली. चिमणी मांडीवर चढून तिचे केस ओढत होती. आतून पट्टशिष्याचं हसणं ऐकू येत होतं, मोकळं, सुटल्यासारखं.

रडायचं नाही, तिनं स्वतःला बजावलं. आधी विचार करायचा.

ओळ कोणी पुसली? 'लेखी आहे' हे तिनं तिघांना सांगितलं होतं. कानसेनांना वाटलं वही, आणि वही पाण्यात गेल्याचं त्यांना माहीत होतं. त्यांना पुसायला काही उरलंच नव्हतं. पट्टशिष्याला तर आत्ता पाच मिनिटांपूर्वी सांगितलं; त्यालाही वहीच वाटली, आणि ती ठोकळा काढू लागली तेव्हा तो खरोखर घाबरला. तिथे काय आहे, त्याला ठाऊकच नव्हतं.

मग ठाऊक कोणाला होतं?

तिनं डोळे मिटले. दोन वर्षांपूर्वीचा शुक्रवार. बाई वह्या गोळा करायला आल्या होत्या, सोबत धाकट्या बाई. झोळीत मूल असल्यानं सूरवालीला एका हातानं लिहिणं जमेना. "आण, मी टॉर्च धरते," कोणीतरी म्हणालं होतं. पट्टीवर गोल पिवळा उजेड पडला होता, आणि टॉर्च धरणाऱ्या हाताच्या करंगळीवर खोडरबराचा भुगा होता.

ती ताडकन उठली आणि आत गेली. "साहेब, काल हे सभागृह कोणी उघडलं?"

"काल? कोणी नाही." संचालक फुलदाणीआडून म्हणाले. "हां, धाकट्या बाई येऊन गेल्या. शनिवारी बाईंची खुर्ची व्यासपीठावर बसते का ते मापायला. चांगल्या अर्धा तास मापत होत्या बिचाऱ्या."

पट्टशिष्याचं हसू मावळलं. त्यानं आईचं नाव ऐकलं होतं, आणि त्याला सगळं एका क्षणात कळलं, हे सूरवालीला त्याच्या खांद्यांवरून दिसलं.

तिनं पट्टी पुन्हा उजेडात धरली. आडवंतिडवं खोडलेलं नव्हतं. लाकूड काळवंडलेलं नव्हतं. एकाच दिशेनं, न रगडता, हलक्या हातानं. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या खुणा पुसलेला हात.

इस्पितळातल्या दिवसांत घरी फोन उचलणारं दुसरं होतं कोण? 'तीही उघडत नाही' म्हणणारं? आणि प्रत्येक तुकड्याचं सगळ्यांत सुंदर वाजवणं अचूक निवडणारं? प्रत्येक पान उलटलेल्या माणसाशिवाय कोणाला जमलं असतं ते?

सगळं जुळलं होतं. हातात मात्र काहीच नव्हतं. फक्त एक कोरी जागा.

"आई," चिमणीनं पिशवीत हात घालून सुट्या तारेचं एक भेंडोळं काढलं आणि मनगटात घातलं. "हे कोणाचं?"

सूरवाली तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं लेकीच्या दोन्ही गालांचे इतके मुके घेतले की पोरगी किंचाळली.

६

शनिवारी दुपारी तीनला, सत्काराच्या तासभर आधी, व्यासपीठामागच्या खोलीत बाई बसल्या होत्या. धाकट्या बाई त्यांच्या केसांतली पिन नीट करत होत्या.

"बाई, मला तुम्हाला दुखवायचंय," सूरवाली म्हणाली. "दुसरा मार्ग नाही. पण आधी एक विचारते. दोन वर्षांपूर्वी, त्या शुक्रवारी, मी तुमच्या हातात एक वेटोळं दिलं होतं."

"तुटलेली तार वाजवणाऱ्याची," बाई म्हणाल्या. "तुझ्या वडिलांचा नियम. आहे की." उजव्या हातानं त्यांनी चष्म्याचं घर उघडलं. चष्म्याखाली तारेचं वेटोळं होतं, मधोमध गाठ, आणि गाठीला गुंडाळलेली चिठ्ठी. "माझ्या एकुलत्या एक रेकॉर्डिंगची तेवढीच आठवण राहिली. जवळच ठेवते."

धाकट्या बाईंचा हात केसांत थांबला.

"चिठ्ठीवर काय आहे, वाचता?"

बाईंनी चष्मा लावला. वार, तारीख, 'मधला ए, गाठीची तार काढली, नवी घातली'. सूरवालीचं अक्षर; प्रत्येक वेटोळ्याला ती अशी चिठ्ठी गुंडाळायची. आणि मग सूरवालीनं उभ्यानंच सगळं सांगितलं, काहीही मऊ न करता. बाई ऐकत होत्या. ती पट्टीवरच्या पुसलेल्या ओळीशी आली तेव्हा बाईंनी मान वळवून बहिणीकडे पाहिलं.

धाकट्या बाईंनी केसांतून हात काढून घेतला.

"त्याची बोटं आखडतात, ताई," धाकट्या बाई शेवटी म्हणाल्या. "लोकांसमोर बसला की आखडतात. वर्ष वर्ष घरात बसून होता. तुझं तर संपलंच होतं. मला वाटलं, ते पडून राहण्यापेक्षा... तुझाच तर हात आहे त्याचा."

"माझा हात हा आहे." बाईंनी डाव्या हाताकडे बोट केलं. "हा मेला तेव्हा मी रडले नाही. कारण तू रोज मला म्हणायचीस, रेकॉर्डिंग गेलं तर गेलं, ताई, तू आहेस ना. डिस्क कपाटात ठेवून म्हणायचीस!"

"मी तुझं सगळं केलं..."

"केलंस. भरवलंस, न्हाऊ घातलंस. मागितलं असतंस तर तुझ्या पोराला मी जीव दिला असता. तू मागितलं नाहीस. तू मला रोज सकाळी माझंच वाजवणं त्याच्या नावानं ऐकवलंस आणि मी टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला, एका हातानं! बघत होतीस ना? बघवलं कसं तुला?"

धाकट्या बाईंनी तोंडावर पदर घेतला.

"रडू नकोस आता. खुर्ची ढकल," बाई म्हणाल्या. "लोक आलेत."

७

सभागृह भरलं होतं. संचालकांनी फुलदाण्यांमधून भाषण केलं. पट्टशिष्य पहिल्या रांगेत बसला होता. आईचा चेहरा पाहून त्यानं काय ते ओळखलं असावं, कारण तो सारखा दाराकडे बघत होता. दाराशी कानसेन उभे होते. गळ्यात हेडफोन नव्हते.

संचालकांनी मानपत्र बाईंच्या हातात ठेवलं. बाईंनी ते मांडीवर उपडं टाकलं.

"मानपत्राआधी तिसरा नॉक्टर्न ऐकू या," त्या माइकमध्ये म्हणाल्या. "माझा डावा हात नाही. तो याच्याकडून घेते. उजवा मी वाजवीन. ये रे बाळा. आणि तू," त्या मागे न बघता म्हणाल्या, "पानं उलटायला उभी राहा. नेहमीसारखी."

खुर्ची पियानोच्या उजव्या अंगाला लागली. डाव्या अंगाला पट्टशिष्य बसला. नाही म्हणायची सोय नव्हती. तीनशे माणसं कौतुकानं हसत होती. किती गोड कल्पना, कोणीतरी म्हणालं.

त्यानं डावा हात सुरू केला. बरा होता. वाईट नव्हता तो कधीच. मग बाईंचा उजवा हात वर आला, आणि पहिल्या ओळीतच सभागृहातली कुजबुज थांबली. ज्यांनी महिनाभर ती सीडी ऐकली होती ते हळूहळू पुढे झुकले. तोच आवाज. बोटं म्हातारी झाली होती, एक सूर निसटलाही, पण ते गाणं एकाच माणसाचं होतं. ऐकणाऱ्याला ते कळायला पियानो यावा लागत नव्हता.

शेवटचा वरचा सूर जवळ आला. बाई थबकल्या. जिन्याच्या कठड्याला हात लावल्यासारख्या.

पट्टशिष्य थबकला नाही. त्याला माहीतच नव्हतं; स्वतःच्या नावाची ती सीडी त्यानं कधी कान देऊन ऐकलीच नव्हती. त्याचा डावा हात तसाच पुढे गेला, एकटाच, दोन मात्रा, तीन, आणि मग आपण कुठे आहोत हे कळून मध्येच थांबला. त्याची बोटं पट्ट्यांवर आखडली.

बाई थांबल्या नाहीत. त्यांनी तो सूर घेतला आणि खाली उतरत एका हातानं तुकडा पुरा केला. धाकट्या बाईंनी शेवटचं पान उलटलं.

"सीडीवर जो आहे तो त्या जागी थांबतो," बाई माइकमध्ये म्हणाल्या. "घरी जाऊन ऐका. सीडीवर मी आहे. आता हे मानपत्र कोणाला द्यायचं ते संचालकांनी सांगावं. घरातलंच आहे म्हणे."

टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. आधी शेवटच्या रांगेतून एक आवाज आला, "लाज वाटत नाही?" मग दुसरा. मग कानसेन दारातून चालत पुढे आले आणि खणखणीत म्हणाले, "मूळ रेकॉर्डिंग मी केलं होतं. माझ्या हातून फुटलं आणि मी गप्प बसलो. हे बाईंचंच आहे, मी लिहून देतो." त्यानंतर संचालकांचं काही ऐकू आलं नाही. ते फुलदाणी सावरत होते.

पाच वाजता सभागृह रिकामं झालं. चिमणी पियानोखाली उताणी झोपली होती. सूरवालीनं तिच्या अंगावर ओढणी टाकली, ठोकळा काढला, पहिली पट्टी बाहेर ओढली. ती तिथे फक्त काम लिहायची. कोणी वाजवलं हे तिनं कधी लिहिलं नव्हतं, वडिलांनीही नाही.

बाई खुर्चीतून बघत होत्या. "टॉर्च धरू?" त्यांनी विचारलं.

"धरा, बाई."

पिवळा गोल उजेड पट्टीवर पडला, जरासा हलत. कोऱ्या जागेत सूरवालीनं शुक्रवारची ती जुनी ओळ पुन्हा लिहिली, वेटोळ्यावरची चिठ्ठी बघून, जशीच्या तशी. मग सगळ्यांत खाली आजची तारीख घातली आणि पेन्सिल दाबून, लाकडात रुतेल अशी, पुढे लिहिलं: 'बाईंनी वाजवलं.'